जपानी वळण

शिआंग यिन्हुआला बाजारात कुणी बोर्डवाली म्हणायचं, कुणी नक्कलवाली, आणि तिचा मालक क्वांगशेठ तर गिऱ्हाइकासमोर तिला 'आमचं मशीन' म्हणायचा. तिन्ही नावांचा तिला राग होता, पण मशीनचा सगळ्यात जास्त. "मशीन मिरची खातं का हो शेठ?" असं विचारून ती आपल्या डब्यातली लालभडक मिरची उचलायची आणि सरळ त्याच्या भातावर ठेवायची. क्वांगशेठ पडला कँटनकडचा, उकडलेल्या पालेभाजीवर वाढलेला. ही हुनानच्या डोंगरातली. मिरची नुसती बघूनच त्याच्या डोळ्यांना पाणी सुटायचं आणि मग तो दुपारभर गप्प.

शेन्झेनच्या इलेक्ट्रॉनिक पार्टांच्या बाजारामागे एक जुनी इमारत आहे, तिच्या तिसऱ्या मजल्यावर त्याचं दुकान. धंदा बोर्ड उतरवण्याचा. म्हणजे तुम्ही कुठलंही चालतं यंत्र घेऊन या, आतला हिरवा बोर्ड काढून ह्यांच्या हातात द्या. हे त्यावरचे सगळे पार्ट काढणार, मग बोर्ड पॉलिश पेपरवर घासणार. एक थर उघडा पडला की त्याचा फोटो, मग पुढचा थर, त्याचा फोटो. शेवटी हातात उरते धूळ आणि कॉम्प्युटरात उरतात फोटो. बोर्ड काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ते फोटो खाली अंथरायचे आणि वरून एकेक तांब्याची रेघ गिरवायची, एकेक भोक जागच्या जागी पाडायचं. झाला तस्साच बोर्ड तयार. फाइल कारखान्यात पाठवा आणि पाहिजे तेवढे बनवून आणा. बाहेरचे लोक ह्याला चोरी म्हणतात. म्हणू देत बापडे. आमच्याकडे ह्याला उतरवणं म्हणतात आणि त्यावर अख्ख्या गल्लीच्या चुली पेटतात.

यिन्हुआ गावाहून आली ती थेट घासायच्या टेबलावर बसली. घासणं म्हणजे हलकं काम वाटतं ना? बसा एकदा. तांब्याचा थर केसाएवढा. हात जरा जड पडला की थर गेला, आणि थर गेला की गिऱ्हाइकाचा एकुलता एक नमुना गेला. यिन्हुआचा हात कधी जड पडला नाही. नखं हिरवी, नाकात धूळ, संध्याकाळी शिंकली तरी तांबं बाहेर पडायचं, पण तिच्या हातून एक थर फुकट गेला नाही. पुढे कॉम्प्युटरवर बसणारा लिआओ लग्नाला म्हणून गावी गेला तो बायकोच्या माहेरचं मत्स्यतळंच सांभाळत बसला. खुर्ची रिकामी झाली. नवा माणूस आणायचा तर पगार जास्त, म्हणून क्वांगशेठनं यिन्हुआला म्हटलं, "बस. माउस धरता येतो का?"

"लाटणं धरता येतं," यिन्हुआ म्हणाली.

"चालेल."

सॉफ्टवेअर बाजारातल्या सीडीवरचं, सगळं इंग्रजीत. तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं आणि शेठला येतं असं तो फक्त म्हणायचा. तिनं सगळं जागेवरून पाठ केलं: वरच्या पट्टीतलं तिसरं, त्याच्या पोटातलं पाचवं. पी दाबायचं, मग टी दाबायचं, की रेघ ओढायला लागायची. त्या दोन कळांवरची अक्षरं वर्षाच्या आत पुसून गेली. माणसाच्या पायाखाली दगडी पायऱ्यासुद्धा झिजतात, तिथे बोटाखाली प्लास्टिकची काय कथा.

क्वांगशेठचा नियम एकच होता. डोकं घरी ठेवून यायचं. मूळ बोर्डात रेघ वाकडी असेल तर वाकडी काढायची, विनाकारण भोक असेल तर विनाकारण भोक पाडायचं. "मूळ कधी चुकत नाही," तो म्हणायचा, "आणि चुकलंच असेल तर ती त्याची चूक आहे, आपली नाही. आपण सुधारायला गेलो की ती आपली झाली." म्हणून सॉफ्टवेअरमधली तपासणीही त्यानं पहिल्या दिवसापासून बंद करून ठेवली होती. रेघा फार जवळ आल्या, कुठे जोड राहिला, तर ते सॉफ्टवेअर लाल खुणा करतं. पण मूळ जर चुकतच नाही तर त्या उपटसुंभाला विचारायचं कशाला?

शिस्त चांगली होती, यिन्हुआनं ती पाळली. पण डोकं काही घरी राहीना. दुसऱ्याच्या रेघांवरून रोज रोज हात फिरवला की माणूस कळायला लागतो. हा घाईत होता, हा कंजूष होता, ह्यानं हा कोपरा सोमवारी काढलाय. कुठे एखादी रेघ अशी सुरेख गेलेली असायची की ती गिरवताना तिचा हात आपोआप हळू व्हायचा. आणि मग मनात यायचं, हे कुणीतरी काढलंय, मी उतरवतेय. रात्री नवऱ्याला ती सांगायची. होंगशेंगची कोपऱ्यावर तांदळाच्या शेवयांची गाडी होती. तो म्हणायचा, "मीपण शेवया काही शोधून काढल्या नाहीत." ती म्हणायची, "पण तुझ्या रश्श्याला लोक तुझा रस्सा म्हणतात." ह्यावर तो तिच्या वाडग्यात आणखी एक पळी रस्सा ओतायचा. तिला एवढंच हवं होतं. एक बोर्ड असावा, आणि लोकांनी म्हणावं, हा यिन्हुआचा.

तशी वेळ आली एकदा. गाण्याचे चाकांचे डबे बनवणारा एक कारखानदार आला. डबा म्हणजे ओढत न्यायचा मोठा स्पीकर, माइकची सोय असलेला, ज्यावर गाणी लावून बायका चौकात नाचतात तो. एका नावाजलेल्या डब्याचा बोर्ड त्यानं उतरवून घेतला होता, आणि तो त्याच्या डब्यात बसवला की डबा घुमायचा. गाणं नसलं तरी आतून आपलं घूंऽऽ चालूच. क्वांगशेठ म्हणाला, "आम्ही तंतोतंत दिलाय." कारखानदार म्हणाला, "तंतोतंत घुमतोय." आणि तो दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर जो बसला तो उठेना. जेवणही त्यानं तिथंच मागवलं, आणि जेवून झाल्यावर दात कोरत बसला.

यिन्हुआनं डबा उघडून बघितला. मूळ डब्यात वजनदार ट्रान्सफॉर्मर डावीकडे होता, ह्याच्या डब्यात उजवीकडे, नेमका माइकच्या बारीक रेघांच्या उशाशी. आता उतरवलेला बोर्ड बिचारा काय करणार? "शेठ," ती म्हणाली, "हा उतरवून नाही भागायचं. नव्यानं काढावा लागेल. मी काढते."

"तू?" क्वांगशेठनं तिच्याकडे बघितलं, मग स्टुलाकडे बघितलं. स्टुलावरच्या माणसानं आता चहा मागवला होता. "काढ बाई," तो म्हणाला. "काहीही काढ, पण ह्याला उठव."

त्या दिवशी तिनं सॉफ्टवेअरचं तोंड पहिल्यांदा खरं बघितलं म्हणा ना. उतरवताना खाली फोटो असतो, वर आपण. आता खाली फोटोच नव्हता, काळा पडदा. तिनं कागदावरची जोडणी एकेक करून आत भरली, पार्ट आणून ठेवले, आणि पडद्यावर शेकडो बारीक पांढरे धागे ताणले गेले, एका पार्टाच्या पायापासून दुसऱ्याच्या पायापर्यंत, सगळा गुंता. म्हणजे सॉफ्टवेअर सांगत होतं की हे हे एकमेकांना जोडायचं आहे, कसं ते तुझं तू बघ. इतकी वर्षं हे धागे तिला कधी दिसलेच नव्हते. ती आधी घाबरली. मग तिनं एक रेघ ओढली आणि त्याबरोबर एक धागा नाहीसा झाला. तिला हसू फुटलं. तिनं जाऊन तपासणीही चालू केली, लाल खुणा येऊ देत म्हटलं, बघू तुझी काय तक्रार आहे ती. त्या आठवड्यात तिला भूक लागली नाही. होंगशेंग रश्श्याचं भांडं घेऊन वर आला तर तिनं त्याला धागे दाखवले आणि म्हणाली, "बघ, कमी होतायत!" त्याला काही कळलं नाही, पण तोही हसला.

शेवटच्या दिवशी मात्र घोटाळा झाला. बोर्डाच्या एका कडेला डब्याच्या स्क्रूसाठी भोक होतं, आणि माइकच्या अर्थिंगची रेघ तिनं त्या भोकाला वळसा घालून नेली होती, चांगली टपोरी, अर्धचंद्रासारखी. दुपारी कारखानदाराचा फोन आला की डब्याचा साचा बदललाय, तो स्क्रू आता नाही, भोक काढून टाका. तिनं भोक काढलं. वळण सरळ करायचं तर चार पार्ट हलवावे लागले असते, आणि नववर्षाच्या सणासाठी बोर्डांचा कारखाना संध्याकाळी बंद होणार होता. क्वांगशेठ डोक्यावर उभा. सॉफ्टवेअरची काही हरकत नव्हती. रेघ जोडलेली होती, अंतर बरोबर होतं. सॉफ्टवेअरला कान थोडेच असतात? "राहू दे ते वळण," शेठ म्हणाला, आणि वळण राहिलं.

डबा घुमायचा बराच कमी झाला. कारखानदार खूश झाला, स्टूल मोकळं झालं. पण आवाज चढवला की बारीक घूंऽऽ यायचंच, आणि कशामुळे येतं ते एकट्या यिन्हुआला माहीत होतं: ते वळण ट्रान्सफॉर्मरच्या अंगाला जात होतं. दुकानाच्या नोंदीत शेठनं लिहिलं, 'बोर्ड उतरवला'. ती भांडली. "अहो, मी काढलाय!" शेठ म्हणाला, "अर्धा तर मूळचाच आहे. आणि असं बघ, आपण उतरवतो ह्याची लोकांना खातरी आहे. आपण काढतो म्हटलं की उद्या प्रत्येक जण विचारेल, काय बदललंत?" पुढे तो कारखाना बंद पडला, माणूस कुठे गेला कोण जाणे. यिन्हुआ परत फोटोंवर रेघा गिरवायला लागली.

सहा-सात वर्षं गेली. तोवर चौकाचौकांत नाचणाऱ्या बायकांचं पेव फुटलं होतं. नातवंडं सांभाळायला गावोगावाहून शेन्झेनला आलेल्या आज्या, संध्याकाळ झाली की पंखे घेऊन हजर, आणि प्रत्येक घोळक्याला आपला डबा. अशात एक दिवस त्साईशेठ दुकानात आला. छाओशानचा माणूस, म्हणजे आधी खिशातून स्वतःची चहाची पुडी निघणार, इवल्या कपांतून तीन वेळा चहा होणार, मग धंद्याचं बोलणं. त्यानं एक बोर्ड टेबलावर असा ठेवला की जणू देवघरातली मूर्ती.

"जपानी आहे," तो म्हणाला. "सगळ्या बाजारात ह्याच्याइतका दमदार बोर्ड नाही. अस्सल जपानी उस्तादाचा हात. मला तस्साच पाहिजे."

यिन्हुआनं पार्ट काढले, बोर्ड घासायला घेतला. असले बोर्ड ती आता दुसऱ्या कुणाकडे देत नसे. हिरवा रंग निघाला, तांबं चमकलं, आणि तिचा हात थांबला. कडेला टपोरं अर्धचंद्रासारखं वळण होतं. मधे भोक नाही, काही नाही. नुसतंच वळण.

"दिसलं ना?" त्साईशेठ मागून वाकून म्हणाला. "तीच तर खुबी आहे. जपानी वळण म्हणतात त्याला. तिथे आवाज दम घेतो."

"दम घेतो?"

"मग? सरळ पळत आला तर आवाज कोरडा होतो. वळणावर जरा विसावला की ऊब येते. ते बारीक घूंऽऽ ऐकलंत? ती ऊब. मी चार दुकानांत विचारलं, चौघांनीही हेच सांगितलं."

यिन्हुआला आधी हसू आलं, इतकं की तिनं तोंडावर हात धरला तर हातावरची तांब्याची धूळ नाकात गेली आणि ती शिंकत सुटली. चोरावर मोर म्हणतात तो हा! कुणी तरी तिचा बोर्ड उतरवला, त्याचा दुसऱ्यानं, दुसऱ्याचा तिसऱ्यानं, आणि नसलेल्या स्क्रूला प्रत्येकानं भक्तिभावानं प्रदक्षिणा घातली. तिची छाती भरून आली. इतक्या लोकांनी माझा हात उतरवला! आणि लगेच कानशिलं तापली. इतक्या चौकांत माझी चूक घुमतेय, आणि नाव जपान्याचं.

"त्साईशेठ, हा बोर्ड मी काढलाय," ती म्हणाली.

त्साईशेठ मनापासून हसला. "बाई, तुम्ही विनोदी आहात." क्वांगशेठनं टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला.

गिऱ्हाईक गेल्यावर तो कुजबुजला, "अगं वेडे, देवच पावला की! फाइल आपल्याकडे पडलेली आहे. उद्या देऊन टाकू, घासणं नाही, गिरवणं नाही."

"त्यात वळण आहे."

"असू दे की. त्याला तेच तर पाहिजे."

"मला नाही द्यायचं ते. शेठ, ते चुकलंय. मी सरळ करणार."

"मूळ कधी चुकत नाही!"

"मूळ मी आहे," यिन्हुआ ओरडली. "मी चुकलेय! मला माहीत नाही तर कुणाला माहीत?"

क्वांगशेठचाही पारा चढला. "हे बघ, आपण उतरवणारे. तू बदललंस आणि उद्या काही बिघडलं, तर तो सगळा माल आपल्या दारात आणून ओतेल. इतक्या वर्षांची पत जाईल. तसं झालं तर ह्या खुर्चीवर तू नाही बसायचीस. पुन्हा तिकडे, घासायच्या टेबलावर. आहे कबूल?"

"आहे," ती म्हणाली. बोलून गेली, आणि शब्द मागे घेणं तिच्या स्वभावात नाही.

त्साईशेठला पटवणं त्याहून कठीण. "जपान्याला अक्कल शिकवता?" तो म्हणाला. शेवटी असं ठरलं की दोन्ही बोर्ड बनवायचे, एक वळणाचा, एक सरळ, दोन सारख्या डब्यांत बसवायचे, आणि त्साईशेठच्या इमारतीखालच्या चौकात बायकांपुढे लावायचे. ज्या नाचतात त्याच सांगतील. फक्त क्वांगशेठ हा करार ऐकताना दाढ काढायला आणलेल्या माणसासारखा बसला होता.

यिन्हुआनं जुनी फाइल उघडली. चार पार्ट हलवले, रेघ मोडली, आणि धागे पुन्हा ताणले गेले. एकेक करत तिनं ते मिटवले. काम मोठं नव्हतं. पण सरळ रेघ ओढून झाल्यावर तिचा हात माउसवर तसाच राहिला. मनात पाल चुकचुकली. एवढ्या लोकांनी ते वळण ठेवलं, वेडे का होते सगळे? खरंच त्यात काही असेल तर? जन्मभर जिला एकच शिकवलं की मूळ चुकत नाही, तिला स्वतःच्या मुळावर बोट ठेवताना घाम फुटला. तिनं तपासणी चालवली. एकही लाल खूण नाही. पण ती आधीही नव्हतीच. शेवटी तिनं डोळे मिटून त्या पहिल्या डब्याचं घूंऽऽ आठवलं, ट्रान्सफॉर्मर कुठे बसतो ते बोटानं पडद्यावर दाखवलं, रेघ त्याच्यापासून किती लांबून जाते ते बघितलं, आणि स्वतःशी म्हणाली, "गप गं. बरोबर आहे हे." फाइल पाठवून दिली.

चौकात त्या संध्याकाळी पन्नासेक बायका असतील. म्होरकी पेइमावशी, पार उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखातून सुनेच्या बाळंतपणाला आलेली, ती परत गेलीच नाही. आवाज असा की तिला खरं तर डब्याची गरजच नव्हती. पहाऱ्यावाल्याच्या खोलीतून वायर ओढली, वळणाचा डबा लावला. घूंऽऽ सुरू झालं, गाणं लागलं, बायका नाचल्या. कुणाला काही वावगं वाटलं नाही. इतकी वर्षं तेच ऐकत आलेल्या त्या.

मग दुसरा डबा. पहाऱ्यावाल्यानं पिन लावली. पेइमावशीनं बटण दाबलं.

काही नाही.

"बंद पडला," पेइमावशी म्हणाली.

त्साईशेठनं एक लांब श्वास घेतला. "मी म्हटलंच होतं. जपान्याच्या कामात हात घालू नये."

क्वांगशेठ यिन्हुआकडे बघत नव्हता. तो आपल्या बुटांकडे बघत होता. यिन्हुआला घासायचं टेबल दिसलं, हिरवी धूळ दिसली. जोड राहिला का कुठे? पण धागा तर एकही उरला नव्हता! पेइमावशीनं डब्याला एक रट्टा दिला. मग आवाजाची खुंटी पार शेवटपर्यंत फिरवली. तरी काही नाही. तिनं कान लावला. "मेलाय," तिनं जाहीर केलं.

"मावशी," यिन्हुआच्या तोंडून कसंबसं निघालं, "गाणं... गाणं लावलंत का?"

"अगं बाई," पेइमावशी म्हणाली आणि गाण्याचं बटण दाबलं.

आणि काय सांगू! आवाज शेवटपर्यंत चढवलेला, वर ते ढोल-ताशाचं गाणं. पहिल्या ठोक्याला पुढच्या रांगेतल्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. पाळण्यातलं एक पोर भोकाड पसरून रडायला लागलं. पहाऱ्यावाल्याची टोपी पडली. पेइमावशीनं झटकन खुंटी उलटी फिरवली आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "मेल्या, जिवंत होतास तर सांगायचं नाहीस का?"

बायका नाचायला लागल्या. गाणं संपलं, दुसरं सुरू व्हायला थोडा वेळ होता. एरवी त्या मधल्या वेळात घूंऽऽ चालू असायचं आणि त्याच्या आडोशानं मागच्या रांगेतल्या बायका निवांत चहाड्या करून घ्यायच्या. आज आडोसाच नव्हता. साऱ्या चौकाला लख्ख ऐकू आलं, "पेइबाईच्या सुनेनं म्हणे हिला स्वयंपाकघरात पाऊल टाकायची बंदी केलीय."

पेइमावशी सावकाश मागे वळली. मग चौक असा हसला की नाच थांबवावा लागला. ज्यांनी चहाडी केली होती त्या पंख्यामागे तोंड लपवत होत्या. पेइमावशी ओरडली, "बंदी नाही, मीच सोडून दिलंय! तिच्या मिठाला चव नाही!" आणि स्वतःच हसत बसली.

त्साईशेठ हसत नव्हता. तो डब्याजवळ उकिडवा बसला होता, कान लावून. बराच वेळ बसला. मग उठून क्वांगशेठपाशी आला. "खरं सांगा, क्वांगशेठ. माणूस माणसाला सांगतो तसं सांगा. मूळ कुणाचं?"

आता क्वांगशेठनं काय करावं? 'आम्ही उतरवणारे' ही त्याची जन्मभराची पाटी. हो म्हटलं तर उद्यापासून सगळे विचारणार, काय बदललंत? यिन्हुआ त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्यानं एकदा घसा खाकरला.

"हिचं," तो म्हणाला. "पहिलंही हिनंच काढलेलं. हेही. मी नोंदीत खोटं लिहिलं होतं."

"आणि वळण?"

"तिथे एक स्क्रू होता," यिन्हुआ म्हणाली. "मग तो नव्हता."

त्साईशेठ चार दुकानांत गेला होता, त्या उबेबद्दल त्यानं सगळ्या बाजाराला व्याख्यानं दिली होती. त्याचे खांदे हलायला लागले आणि मग तो असा हसला की त्याला झाडाचा आधार घ्यावा लागला. "स्क्रू!" तो डोळे पुसत म्हणत होता. "अगं आई गं, स्क्रू! आवाज दम घेतो म्हणे!"

पेइमावशी घाम पुसत आली. "एवढं काय झालं? आणि हा डबा कुणी केलाय ते सांगा. कानाला काय बरं वाटतंय. रोज घरी गेल्यावर माझं डोकं भणभणायचं, मला वाटायचं सुनेमुळे."

"जप..." त्साईशेठच्या तोंडून सवयीनं निघालं. तो थांबला. त्यानं यिन्हुआच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे केलं. "ह्या बाईंनी काढलाय. आतला बोर्ड. हुनानच्या आहेत."

"ही? एवढीशी?" पेइमावशीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नाव काय गं पोरी तुझं?"

यिन्हुआनं सांगितलं. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकापुढे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिनं ते आडनावासकट सांगितलं. पेइमावशीनं ते बरोबर ऐकलं. ती पुढे गेली, माइक उचलला, त्यावर दोनदा बोट वाजवलं.

"ऐका गं बायांनो," ती म्हणाली. "हा डबा ज्यावर बोलतोय ना, तो बोर्ड शिआंग यिन्हुआ नावाच्या बाईनं काढलाय. ही बघा, इथं उभी आहे. शिआंग यिन्हुआ."

माइकची रेघ, वळण न घेता, सरळ गेली. नाव स्वच्छ निघालं, समोरच्या इमारतींवर आदळलं आणि परत आलं, आणि त्याच्या मागे कसलीही घरघर नव्हती. आधी टाळी वाजवली ती क्वांगशेठनं. मग सगळ्या बायकांनी. यिन्हुआच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसावं असं तिला वाटलं नाही. मागच्या रांगेतल्या बायका टाचा उंचावून विचारत होत्या, "कुठली? त्यातली कुठली?"

यिन्हुआनं हात वर केला.